बाकावरची तन्वी आणि चौकातला पडदा

प्रिय दीनानाथ,

दोन स्वेटर, कानटोपी आणि त्यावर जावयाचा रेनकोट अशा अवस्थेत आयर्लंडातल्या मेनूथहून तुझा मित्र नंदकुमार तुला नमस्कार करतो. तुझा गुडघा कसा आहे? वहिनींची शुगर? (त्यांना सांग, त्यांनी दिलेली चटणी इथल्या विमानतळावर एकाने वास घेऊन लगेच परत केली. नंतर बराच वेळ त्याचे डोळे लाल होते.) माझी तब्येत इथल्या भाषेत ‘ग्रँड’ आहे. इथे माणूस पाय मोडून पडला तरी ग्रँडच असतो.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. लेका, फोन उचलला की तू आधी तो स्पीकरवर टाकतोस, आणि तुझ्या दुकानात कायम दहा माणसं चहा पीत बसलेली असतात. तुझ्याशी खाजगी बोलायचं म्हणजे चौकात भोंगा लावून बोलायचं. म्हणून माझ्या लेकीच्या, माधवीच्या कंपनीतला सलील सुट्टीवर कोल्हापूरला निघालाय, त्याच्या हाती हे देतोय. एकट्याने वाच.

तर तुझ्या फ्लेक्सबद्दल. फोटो मिळाला. ‘आयर्लंड गाजवणारी कोल्हापूरची वाघीण, कु. तन्वी’ हे फार छान. (तुझा फोटो माझ्या नातीच्या फोटोपेक्षा मोठा आहे, पण शुभेच्छुकाचा तेवढा मान असतोच.) तिच्या कॉलेजची फायनल इंटरनेटवर लाइव्ह दाखवणार म्हणून तू चौकात पडदा लावतोयस आणि हलगीवाल्यांना सुपारी दिलीस, हेही कळलं. आनंद झाला. तो कुठे ठेवावा हे मात्र कळेना, म्हणून झालं काय ते पहिल्यापासून सांगतो.

इथला फुटबॉल आपला नव्हे. बॉल सरळ हातात घेऊन पळतात आणि कोणी शिट्टी मारत नाही. गोल झाला तर तीन गुण, आणि बॉल बारवरून गेला तरी एक गुण देतात. दीनानाथ, बारवरून गेला तरी! आपल्या कॉलेजची फायनल आठव. तिकिटं संपलेली, टीव्हीवर त्या वेळी खतांचा कार्यक्रम, आणि बाहेर ताटकळलेल्या तुम्हा सगळ्यांना मी कंपाउंडच्या भिंतीवर चढून मॅच सांगत होतो. शेवटची पेनल्टी बारवरून गेली आणि मी ‘गोल!’ म्हणालो. तुम्ही गुलाल उधळून मोकळे! मग आतली माणसं पडलेल्या तोंडाने बाहेर आली आणि तुम्ही मला भिंतीवरून खाली घेतलंत. इथला नियम तेव्हा आपल्याकडे असता तर माझा खांदा आज शाबूत असता. (थंडीत फार दुखतो. पहिला हात तुझा होता, मी विसरलेलो नाही.)

मैदानाच्या कडेला मला डेक्लन म्हणून माझ्याच वयाचे एक गृहस्थ भेटले. त्यांची नात तन्वीच्या टीमची गोलकीपर. ते म्हणाले, आमच्या वेळी कॉलेजची मॅच टीव्हीवर कुठली? आमचा पोस्टमन सायकलवरून जाऊन मॅच बघून यायचा आणि मग टपालाबरोबर ती घरोघरी वाटत फिरायचा. शेवटच्या घरी पोचेपर्यंत एका गोलाचे चार झालेले असायचे, त्यामुळे लोक मुद्दाम म्हणायचे, बाबा, आमच्याकडे शेवटी ये. आता सगळं दिसतं, म्हणाले, बोलायला काही उरतच नाही. माणूस एकदम आपल्या पेठेतला वाटला. तेव्हापासून आम्ही शेजारी शेजारी उभे राहून भिजतो.

सेमीफायनल मी तुला फोनवर सांगितली, ती सुरुवातीला अगदी खरी होती. पाऊस आडवा येत होता, चिखलात सगळ्या पोरी सारख्याच दिसत होत्या. तेवढ्यात तू विचारलंस, ‘आपली तन्वी काय करतीया?’ आणि मागून तुझ्या गिऱ्हाइकांचा गलका. दहा माणसं हातातला चहा गार करून थांबलीत म्हटल्यावर त्यांना सांगायचं काय? एका काळ्या वेणीच्या पोरीने गोल मारला आणि मी म्हणालो, ‘तन्वी!’ तन्वी त्या वेळी माझ्या शेजारी उभी राहून मला थर्मासचं झाकण उघडून देत होती. ती राखीव खेळाडू आहे. ‘आजोबा, दॅट वॉजन्ट मी,’ ती म्हणाली. (मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं.) मी तिला हातानेच गप्प केलं, कारण तोवर कोल्हापुरात फटाक्यांची माळ लागली होती. पुढचे दोन गोल तुमच्या आग्रहाखातर झाले.

यात माझं काही चुकलं असं मला वाटत नव्हतं. पण परवा तन्वीने तुझ्या फ्लेक्सचा फोटो पाहिला. माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, ‘आजोबा, दे विल सी मी ऑन द बेंच.’ एवढंच. रडली नाही, जेवली मात्र नाही. वर्षभर ही पोर पावसात सरावाला जाते, मॅचला बाकावर बसते, बाकीच्यांच्या पाण्याच्या बाटल्या भरते आणि हसत घरी येते. कधी लाज वाटली नाही तिला. आता वाटली, ती माझ्यामुळे.

असो. इकडे बाकी सर्व ठीक. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद, गुडघ्याला तेल.

तुझा
नंदकुमार

ता. क. मुख्य काम राहिलंच. तुझा भाचा ज्ञानेश वायरमन आहे ना? फायनल तुमच्याकडे संध्याकाळी दिसेल. पहिल्या शिट्टीला चौकातली लाईट गेली पाहिजे आणि बक्षीस समारंभ उरकेपर्यंत येता कामा नये. लोकांनी बोंबाबोंब केली तर मला फोन लाव आणि स्पीकरवर टाक. पुढचं मी बघतो.

ता. क. दुसरा. चिकटवलेलं पाकीट पुन्हा फोडलं. तन्वी आत्ताच सरावाहून आली. पुढे खेळणारी एक पोर घसरून पडली, तिचा घोटा सुजलाय. (ती ग्रँड आहे.) तिच्या जागी तन्वी पहिल्यापासून खेळणार! आईशप्पथ, हे मी रचलेलं नाही. ज्ञानेशला सांग, लाईट गेली तर गाठ माझ्याशी आहे. जनरेटरही आणून ठेव.

ता. क. तिसरा. पडद्याचा आवाज बंद ठेव आणि माझा फोन स्पीकरवर टाक. सांगणार मीच. तिला गोल जमला नाही तर नाही जमला, दिसेल तेवढंच सांगीन. आणि मध्येच माझा आवाज गेला, तर पोरांना सांग की तिकडं रेंज नाही.