ठमी निर्दोष

सूनबाई,

छोटीच्या ॲलर्जीचा रिपोर्ट आला. तिला धाप लागते ती मांजरामुळे नाही, गादीतल्या धुळीच्या किड्यांमुळे. डोळ्यांना दिसतसुद्धा नाहीत म्हणे. म्हणजे ठमीला घालवून आपण चोर सोडून संन्याशाला फाशी दिली. असो.

गादी गच्चीत उन्हात टाकली आहे, उन्हं उतरायच्या आत खाली आण. चादरी आणि अभ्रे कढत पाण्यात भिजवलेत, गार पाण्याने ते किडे मरत नाहीत. झाडताना छोटीला खोलीबाहेर ठेव.

मी बेकरीवाल्याकडे ठमीला आणायला चाललोय. तिथे तिला आता दुसऱ्याच नावाने हाक मारतात. तिने मला ओळखलं नाही, तर एकटाच परत येईन. मग जेवायला वाढ, पण काही विचारू नकोस.

– बाबा