कॉम्प्युटरमधली वीस तारीख

११ मे २०००, गुरुवार
बदनापूरहून गाडी लेट. एमआयडीसीतल्या बियाणं कंपनीत पोचले तर मालक शेठजी माझ्याच खुर्चीत, कॉम्प्युटरवर मोटारींची रेस! औरंगाबादहून गेमची कॉपी सीडी आणलीय, फुकटात पडली म्हणे. पन्नाशीचा माणूस, वळण आलं की खुर्चीत स्वतःच कलतो. हसू दाबून पोट दुखलं.
कॉम्प्युटरचं घड्याळ परत मागं. आतला सेल गेलाय. लाइट गेली की थांबतं, कधी रखडत चालतं. बियाण्याच्या थैल्यांच्या लेबलवर तारीख मी हातानंच टाकते. कुणाला काय पडलंय.

१५ मे, सोमवार
कॉम्प. सारखा बंद पडून राह्यला. मोंढा बाजारातल्या दुरुस्तीवाल्या अन्वरभाईला बोलावलं. घड्याळ आजच्या तारखेला लावलं, सगळं बघून म्हणे, "ताई, गेमच्या सीडीतून व्हायरस आलाय. वीस तारखेला चालू असला की आतलं सगळं साफ."
"मंग काढून टाका ना!"
"माझ्याकडच्या सीडीनं निघत न्हाई, नवा आहे. पूर्ण पुसावा लागंल."
पुसायचा? यंदाच्या सगळ्या लॉटचे रिझल्ट त्यातच आहेत. कोणतं बी उगवणीत पास, कोणतं नापास. लॅबचे कागद एंट्री झाली की फाडायचे, हा शेठजींचाच हुकूम.

१६ मे
शेठजींना सांगितलं. "माझ्या गेमनं? छे! तूच कुठली तरी फ्लॉपी घातली असशील." मी! तोंडाशी आल्तं ते गिळलं. सगळं उडालं तर खापर माझ्यावरच, हे आज कळलं.
घरी आई म्हणे, "जाऊ दे गेली नोकरी तर. शहागडच्या स्थळाला हो म्हणून टाकू." सगळे टपूनच बसलेत.

१७ मे
प्रिंटर मेलेला. रिझल्ट हातानं उतरवून राह्यले. जेवणानंतर शेठजी हजर. "ऊठ ना बेटा, एकच रेस." अरे देवा! एवढं कळल्यावर बी? कपाशी झाली. मका, बाजरी बाकी. नापास बी थैलीत गेलं तर कुणाची पेरणी बुडंल, तो विचार डोक्यातून जात न्हाई.

१९ मे, शुक्रवार
शेठजींनीच तोडगा काढला. "वीसला चालूच नको करू. एकवीसला इतवार. सोमवारी चालू करू. बात खतम." बराबर वाटलं, मका-बाजरी उतरवायची तशीच सोडून मीच वायर काढली. शेठाणीबाईंनी घरून लिंबू पाठवलं, ते वर ठेवलं. टॉवेलनं झाकलं. ग्रहण पाळतात तसं.

२० मे
नुसती बसून. टॉवेलकडं बघितलं तरी धस्स होतंय. मका-बाजरीचे रिझल्ट बंद कॉम्प.मध्ये, लेबलं न्हाईत म्हणून ट्रक उभे, ड्रायव्हर ओरडून राह्यले. गेला बाई दिवस एकदाचा.

२२ मे, सोमवार
शेठजींनी नारळ फोडला, पेढे आणले. बटन मी दाबलं, डोळे मिटून. चालू झालं! सगळे रिझल्ट जागेवर. मला रडूच आलं. "देख, टळली का न्हाई?" म्हणत शेठजी लगेच रेसला बसले.
रेस संपली तेव्हा माझं लक्ष खाली कोपऱ्यात गेलं. तारीख १९ मे.
वायर काढली तिथंच घड्याळ थांबल्तं. आपली वीस गेली. त्याची अजून यायचीय.
"शेठजी, उठा!" मी ओरडलेच. आयुष्यात पहिल्यांदा. तारीख बदलायला हात घातला आणि लाइट गेली. संध्याकाळपर्यंत आलीच न्हाई.
आता आत १९ वर थांबलंय का रखडत २० कडं चाललंय, कळायला मार्ग न्हाई. अन्वरभाई लग्नाला नांदेडला. मका-बाजरीचे ट्रक उद्या भरायचेच.
निघताना शेठजींचा चेहरा पांढरा. पेढ्याचा पुडा माझ्या हातात दिला. "उद्या बटन तूच दाब बेटा. तुझ्या हाताला गुण आहे."
पुडा घरी आणला. आईनं विचारलं कशाचे पेढे. शहागडवाल्यांना माझा नकार कळवला न्हाई ना अजून, एवढंच मी तिला विचारलं.