रविवारचा माग

प्रिय बाबा,

हे पत्र विक्रमच्या हाती पाठवून राहिली. माझ्यासोबत कोर्सले आहे, कामठीचा आहे, सुट्टीवर घरी चालला. त्याले जेवल्याशिवाय सोडू नका, आणि पत्र वाचल्याशिवाय चेतनदादाच्या दुकानात जाऊ नका. येत्या शनिवारी आईचा जुना मोबाइल देऊन नवा घेणार म्हणालात ना, तो देऊ नका. काहून, ते सांगते. फोनवर सांगितलं असतं, पण जन्मभर मागावर बसून तुमचे कान गेले, आणि ही गोष्ट ओरडून सांगायची नाही.

तुम्ही दर वेळी विचारता, कॅप्टन झाली तरी आता काय शिकून राहिली बाई? तर बाबा, शत्रूचा माणूस आपल्यात येऊन बसला असेल तर तो ओळखायचा कसा, हे शिकून राहिली. प्रतिहेरगिरी म्हणतात त्याले. यात गुपित काही नाही, जाडजाड पुस्तकं आहेत आणि दुपारच्या वर्गात भारी झोप येते. पण एक गोष्ट डोक्यात बसली. सर म्हणाले, खरी बातमी अडखळते, मागंपुढं होते. जे फार सुरळीत चालून राहिलं, तिथं कान द्या. त्याच आठवड्यात तुमचा फोन आला आणि मी तुमच्यावरच शक घेतला. घ्या, पहिला प्रयोग बापावर.

आई गेल्यावर मी हा कोर्स नाकारायले निघाली होती. टिमकीच्या घरात तुम्ही एकटे, मले पटतच नव्हतं. तुम्ही म्हणालात, माग चालू आहे तोवर माझी चिंता करायची नाही. म्हणून आली. रविवारी तुमच्या आवाजामागं खटखट ऐकू आली की माझा जीव भांड्यात पडे. पण त्या रविवारी ध्यान देऊन ऐकलं, तर धागा तुटतच नव्हता. लहानपणापासून पाहिलं ना मी, घडीघडी धागा तुटते, तुम्ही 'थांब वं' म्हणता, गाठ मारता, मग धोटा पुन्हा इकडून तिकडं पळते. इथं तुम्ही आरामात गप्पा मारून राहिले आणि माग आपला चालूच. माग खिडकीतून दिसते तसा एक व्हिडिओ मी सुट्टीवर असताना आईनं गिऱ्हाइकाले दाखवायले काढला होता, तोच तुम्ही तिच्या मोबाइलवर लावून ठेवत होते. विणकर माणूस असून तुटका धागा घालायचाच विसरलात.

मी काही बोलली नाही. आमच्या पुस्तकात असंही आहे, की दुसऱ्याचा डाव सापडला तर लगेच उघडा पाडू नये, चालू ठेवून ऐकत राहावं. मी ऐकत राहिली. पुस्तकासाठी नाही, माझ्यासाठी. आठवडाभर कवायत, वर्ग, परीक्षा, सारं करायची ते त्या रविवारच्या फोनवर डोळे लावून.

मागच्या रविवारी खटखट आली नाही. तुम्ही स्वतःच सांगून टाकलं, की हात थरथरतात, विणणं कधीचंच बंद आहे, माग उमरेडच्या माणसाले दिला. बाबा, मी रागावली नाही. माग दिला ते बरंच केलं. कोर्स संपला की तुमाले न्यायले येते, यावेळी नाही म्हणायचं नाही. पण मग तुम्ही म्हणालात, तिचा मोबाइलही आता कोणत्या कामाचा, चेतन घेऊन राहिला तर देऊन टाकतो. फोन ठेवून खोलीत खूप रडली.

तो व्हिडिओ काढताना आईनं मोबाइल खिडकीत टेकवला आणि ती आत गेली. मध्येच तिचा आवाज येते, दुरून, मागाच्या खटखटीत दबलेला: 'अवो, चहा थंडा होऊन राहिला ना.' दर रविवारी मी त्या आवाजासाठी थांबायची बाबा. तुम्ही बोलत असायचे, मी हूं हूं करायची आणि आईची वाट पाहायची. त्यात तिचा आवाज आहे हे तुमाले माहीतच नाही, ते मले ठाऊक आहे. विक्रमजवळ कानात घालायची मशीन पाठवली आहे, तो लावून देईल. दार लावून घ्या आणि तो व्हिडिओ ऐका. त्या दिवशी मागाच्या आवाजापुढं तुमाले ऐकू गेलं नव्हतं, म्हणून ती दोनदा हाक मारते.

तुमचीच,
प्रीती