शिवणीत सोडलेले तीन इंच

४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

फोनवर तू नंतर बोलतो म्हणतोस आणि तो नंतर काही येत नाही, म्हणून लिहितो आहे. मी बरा आहे. डोळे तेवढे बरे नाहीत. डॉक्टरीणबाईंनी दिव्याखाली शिवणं बंद करायला सांगितलं, नाहीतर सुई कायमची खाली ठेवावी लागेल म्हणाल्या. म्हणून मशीन घरामागच्या उघड्या फरशीवर आणलं. तिथल्या उजेडात दोरा चटकन ओवला जातो. पण अकरानंतर ऊन डोक्यावर येतं आणि आभाळ भरलं की मशीन आत ओढावं लागतं. परवा कंबर धरली.

खरं सांगू का, तुझी आई गेल्यापासून आत बसवत नाही. मशीन थांबलं की सगळं घर ऐकू येतं. मागे निदान शेजारणीचा रेडिओ असतो.

तू ती उघड-मिट होणारी छपरं बसवतोस ना, त्यातलं एक आपल्या फरशीवर बसवायला काय खर्च येईल? एका ओळीत कळव. सोबत शर्ट पाठवतो आहे. माझ्याकडे तुझं चार वर्षांपूर्वीचं माप आहे, त्यावर शिवला.

वाट बघणारा,
बाबा

१९ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

एका ओळीत मावणारं हे काम नाही, बाबा. गिऱ्हाइकाने किंमत विचारली की आमचा मालक आधी वर बघतो. मला वाटायचं नाटक करतो. पण तो वारा बघत असतो. घर उघड्यावर असेल तर खांब जाड, पाया खोल, आणि किंमत तिथेच चढायला लागते. आपल्याकडे दोन्ही अंगांना भिंती, म्हणजे तिथे वाचलो. मग लांबी-रुंदी. छपराची फिरणारी पट्टी फार लांब गेली की मधोमध वाकते, मग एक तुळई वाढते. लाकडी पट्ट्या देखण्या, पण दर वर्षी तेलपाणी मागतात. अ‍ॅल्युमिनियम एकदाच महाग पडतं आणि मग गप्प राहतं. शिवाय छप्पर मिटल्यावर पाणी जायचं कुठे? ते कडेच्या पन्हळीतून खांबाच्या पोटात उतरवावं लागतं. इथे स्वस्ताई केली की सगळं पाणी खाली बसलेल्याच्या मानेवर.

मग मोटार की हाताने फिरवायचा दांडा. मोटार आली की वायरमन आला. पाऊस पडला की आपोआप मिटणारंही मिळतं. एका दाताच्या डॉक्टरांनी ते घेतलं, आणि त्यांच्या बायकोने कुंड्यांवर पाइप धरला की छप्पर मिटायचं. दोघांचं त्यावरून बोलणं बंद. त्यांचा तीन पायांचा कुत्रा पट्ट्यांच्या सावल्यांवर भुंकायचा. जेवणाची सुट्टी मी त्याच्यासोबतच काढली, त्याच्यासाठी दोनदा छप्पर फिरवलं, मालकाच्या शिव्या खाल्ल्या. कुठे होतो मी? हां, खर्च.

सगळ्यात फुकटचा खर्च म्हणजे माप घ्यायला माणूस जातो त्याचा. तुमच्यापर्यंत जाणं-येणं आणि मुक्काम धरला तर तेवढ्यात मोटार येईल.

शर्ट मिळाला. ढगळ होतो, पण वारा छान खेळतो. मी पुन्हा खोली बदलली. या खोलीची खिडकी दुसऱ्याच्या भिंतीकडे उघडते. दिवसभर लोकांना आभाळ उघडून देतो आणि इकडे येऊन ती भिंत बघत उभ्याउभ्या जेवतो. छप्पर नीट फिरलं की आम्ही हत्यारं गोळा करून निघतो. त्याखाली कोण बसतं ते कधी बघायला मिळत नाही.

राग नसावा, आठवण असावी.
आपली भिंगरी

१ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

मी किंमत विचारली, तू कुत्रा पाठवलास. असो. तीन पायांवर कसा पळतो ते पुढच्या पत्रात लिही.

पट्ट्या अ‍ॅल्युमिनियमच्या धर. मोटार नको, हात अजून धड आहेत. आणि मापाला माणूस कशाला? चाळीस वर्षं मी दुसरं काय केलं? या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एकशे सव्वीस इंच. पट्ट्या त्याच अंगाने टाक, म्हणजे सकाळचं ऊन सरळ मशीनवर येईल.

तू स्वतः येऊन माप घेतलं असतंस तर खर्च झाला नसता, हे आपलं सहज लिहिलं. शेजारीण विचारायची, मुलगा कधी येणार. मी सांगायचो, कामात आहे. आता विचारत नाही.

तुझाच,
बाबा

२२ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमच्या अठरा पट्ट्या मीच कापल्या. एकशे सव्वीस म्हणालात ना, चौकट एकशे सव्वीसला, पट्ट्या त्या बेताने, केसाचा फरक नाही. मालकाने माल मूळ भावात दिला. आमचा एक मिस्त्री तुमच्या बाजूला जाणार आहे, तो बसवून देईल. हात सोन्याचा आहे, फक्त चहा फार पितो.

मला सुट्टी नाही, असं लिहिणार होतो. खरं म्हणजे मागितलीच नाही. आईची खुर्ची तिथेच असेल ना, दाराशी? ती रिकामी बघायचं धाडस होत नाही. तोंडाने मला हे सांगता आलं नसतं.

कुत्रा तिरका पळतो, पण पुढे जातो.

लोभ कमी होऊ देऊ नका.
आपली भिंगरी

१७ एप्रिल

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

छप्पर बसलं नाही. चौकट भिंतींच्या मधे शिरेचना. मिस्त्रीने माप घेतलं, भरलं एकशे तेवीस. तुझी काही चूक नाही. मी टेप लावला तेव्हा मीही एकशे तेवीसच वाचलं होतं. कागदावर लिहिताना हाताने आपसूक दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच शिवणीसाठी सोडले. चाळीस वर्षांत मी कुणाचं नेमकं माप कागदावर उतरवलेलंच नाही. मिस्त्री एवढा हसला की चौथा चहा सांडला.

त्याच्याकडे कापायचं यंत्र होतं. दोन तासांचं काम, वर एक पैसा नको, आत्ता बसवून जातो म्हणाला. मी त्याला सांगितलं की ज्याने पहिल्यांदा कापल्या, तोच पुन्हा कापेल. तो हत्यारं गोळा करून गेला.

पट्ट्या भिंतीला टेकवून ठेवल्या आहेत. कंबरेमुळे मशीन परत आत घेतलं आहे. दिव्याखालीच शिवतो. हे रागाने लिहिलेलं नाही. खुर्ची दाराशीच आहे. मीही तिच्यावर बसत नाही.

बाबा

२४ एप्रिल

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

सुट्टी मागितली. मालकाने वर न बघता दिली. नऊ तारखेला करवत घेऊन येतो, तीन दिवस राहीन. तोवर दिव्याखाली बसू नका, कृपा करा. खुर्ची हलवू नका.

भिंगरी

२१ मे

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तू गेल्याला आज नववा दिवस. छप्पर छान चाललं आहे. सकाळी सगळं उघडं, अकराला अर्धं, काल पाऊस आला तेव्हा दांडा फिरवून मिटलं आणि मशीन जागचं हललं नाही. पाणी खांबातून उतरताना आवाज येतो. पायाचा वेग त्या आवाजाला जुळत गेला, आणि कधी नव्हे ती कॉलर एका बैठकीत झाली.

कापलेले तुकडे मी फेकले नाहीत, बटणांच्या डब्याशेजारी ठेवले आहेत. शेजारणीने विचारलं कशाला. मी म्हटलं, लागतील. आल्याच्या दुसऱ्या दिवशी तू आईच्या खुर्चीवर बसून बूट घातलेस. मी दोरा ओवत होतो असं दाखवलं. आता मीही दुपारचा तिथे बसतो.

घर अजून ऐकू येतं, नाही असं नाही. सातवी पट्टी फिरताना कुरकुरते. तेल घालू म्हणतो, आणि घालत नाही.

निघताना दारात घेतलेलं तुझं माप बघितलं. छाती दोन इंचांनी कमी भरली आहे. उभ्याने जेवणं बंद कर. सोबतचा शर्ट नव्या मापावर नेमका शिवला आहे, ढगळ होणार नाही. मात्र आत दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच कापड ठेवलं आहे. अंगाने भरलास की उसवून सैल करून द्यावा लागेल. ते पोस्टाने होत नाही.

येत जा, एवढाच लोभ.
बाबा