शून्य मतांचा बग

सोमवार, ७ जुलै

अभय सरांचं डोकं पुन्हा चाललं! कोणता बग आधी दुरुस्त करायचा, काय नवीन आणायचं ते म्हणे आता लोक ठरवणार. ॲपमध्येच मतदान. "लोकशाही आहे, दीपमाला!" मी टेस्टर, दिवसभर चुका शोधायच्या — आणि मला मत एकच!

आमचं ॲप गावोगावच्या डायलिसिस पेशंटांना न्यायला गाडी पाठवतं. सगळ्यात मोठा बग हा, की जुन्या फोनवर ते उघडताक्षणी बंद पडतं. सरांना विचारलं, मग त्या लोकांनी मत द्यायचं कसं?

"त्यांनी ॲपमधून तक्रार करावी ना."

कप्पाळ!

मंगळवार, ८ जुलै

फुलंब्रीहून मुक्तामावशीचा फोन. "दीपे, ते ॲप काय उघडंना. पाय लई सुजलेत गं." आज तिच्या डायलिसिसचा वार. मी इथून बुक करावं तर गाडी बुक करणाऱ्या फोनपाशी येते — इथं शहरात, सिडकोत, माझ्या दारात! शेवटी तिच्या शेजारच्या कारभारीकाकांनी तिला मोटारसायकलवर आणलं. इतक्या खड्ड्यांतून, त्या तब्येतीत. असा संताप आला!

शुक्रवार, ११ जुलै

ऑफिसची ग्रामपंचायत झालीय. मार्केटिंगच्या शिवमला ॲपचा रंग काळा हवा, म्हणून त्याचं 'काळी थीम' पॅनल, हिशेब बघणाऱ्या मंजुषाचं 'स्टिकर' पॅनल. सगळ्यांच्या सोयऱ्याधायऱ्यांनी मतांसाठी ॲप घेतलंय. एकाचीही किडनी खराब नाय! शिवमनं सगळ्यांना मटणाचा नान-खलिया खाऊ घातला. मंजुषा म्हणे, बिनविरोध करून टाकू — यंदा तुझी थीम, पुढच्या खेपेला माझे स्टिकर.

मी माझ्या बगाचा प्रचार केला. उत्तर एकच — "आमच्या फोनवर तर चालतंय, ताई."

नान-खलिया मी पण खाल्ला. त्याला मत नाय दिलं!

सोमवार, १४ जुलै

काळी थीम विजयी. ऑफिसात गुलाल! कीबोर्ड झटकता झटकता नाकी नऊ आले. माझ्या बगाला शून्य. शिवमवरच्या रागात मी मत द्यायचंच विसरले!! काय म्हणावं मला.

मंगळवार, १५ जुलै

मावशीला मोटारसायकलवरच घेरी आली. काकांनी कशीबशी सावरली म्हणून, नायतर पडलीच असती. प्रोग्रामर संघपालपुढं मी रडलेच. "रडू नको. थीमसोबत हे पण दुरुस्त करून सोडतो. सरांना कशाला सांगायचं?" त्यानं केलं, मी तपासलं. कुणाला पत्ता नाय.

शुक्रवार, १८ जुलै

गाडी मावशीच्या दारात आली! जीव भांड्यात पडला. मावशी फोनवर म्हणते, "उघडल्या उघडल्या ॲपनं विचारलं, काय बिघडलंय? तिथं लिहिलेलं — जुन्या फोनवर बंद पडतं. म्हटलं व्हय बाई, हेच तर दुखणं! दाबलं. डायलिसिसला आलेल्या सगळ्यांना दाबायला लावलं."

अगं मावशे! ते पुढच्या खेपेचं मतदान! आणि ते तर दुरुस्त झालंय, म्हणून तर उघडलं!

शनिवार, १९ जुलै

सर मोबाईल नाचवत आले. "बघा, जुन्या फोनवाले जागे झाले! हा बग आता पहिला!" संघपालच्या तोंडून निसटलं, "झालाय सर तो." सरांनी लगेच बॅनर छापायला टाकला — 'तुम्ही मागितलं, आम्ही दिलं!' आम्ही दोघांनी पण टाळ्या वाजवल्या. खरं सांगितलं तर, न विचारता केलं म्हणून संघपालची नोकरी जायची.

सोमवार, २१ जुलै

सरांनी केबिनमध्ये बोलावून पेढा दिला. म्हणाले, मतदान एवढं भारी चाललंय, आता बग लोकच सांगतात — टेस्टर कशाला ठेवायचा? या महिन्यापर्यंतच ये.

पेढा तोंडात होता.