चट्टीवर राहिलेले बाबा

शुक्रवार, १२ जून १९५९. भिलाई.

बाबांसंगं केदारनाथले गेलेले गणपतकाका आज एकटेच वापस आले. डोंगरात पायी चालायचं, रोज पुढची चट्टी गाठायची, तिथल्या झोपडीत मुक्काम करायचा, असं त्यांचं चाललं होतं.

"वरच्या चट्टीत त्याले दम लागला," काका रडत म्हणाले. "म्हणे, तुमी व्हा पुढं. दर्शन करून आलो तं झोपडी रिकामी. चार दिवस शोधलं."

झोपडी रिकामी. एकटे बर्फात काहून गेले असतील? मी असतो तं सोडलं असतं का?

उद्या सकाळच्या गाडीनं निघतो. पण शोधू कुठं? ती रिकामी झोपडीच डोळ्यांपुढं येऊन राहिली.

आईनं विचारलं, "तुह्या बाबानं किती म्हटलं, संगं चाल. साहेबानं सुट्टी देलीच नाही ना रे तुले?"

"नाही," म्हणालो.

अर्ज मी केलाच नव्हता.