दादाचं गवत

दादा,

आईची हिरवळ वाळली असं मी फोनवर सांगितलं, तर तू प्लॅस्टिकचं गवत पाठवून दिलंस. वर म्हणालास, "पाणी नको, कापणी नको. तुला गवतातलं काय कळतं?" खरंच कळत नाही. आईला नीट दिसत नाही आणि ती रोज सकाळी अनवाणी फिरते, एवढंच कळतं. पहिल्याच दिवशी ऊन वर आलं आणि तिचे तळपाय पोळले. तरी म्हणाली, "दादानं पाठवलंय, रुळेल हळूहळू."

ती दोन महिने ताईकडे गेली, तेव्हा तुझी चटई गुंडाळून मी संडासामागे टाकली. तिथेच ती शोभते. खालची दगडासारखी जमीन खणली, शेणखत मिसळलं, हरळीच्या काड्या लावल्या. देवाचं नाव घेत पाणी घालायचो. तू आठवलास की नाम चुकायचं.

आज आई दवानं भिजलेल्या गवतावर उभी राहून म्हणाली, "बघ, दादाचं गवत रुळलं की नाही?"

मी "हो" म्हणालो. इतकी खूश ती फार दिवसांनी दिसली. म्हणून हे पत्र पोस्टात टाकत नाही. ती फोनवर कौतुक करेल, तेव्हा तूही "हो" म्हणशीलच. लाज न वाटता. ते तुला जमतं.

गवतातलं काही न कळणारा,
तुझा धाकटा